बोंबलाला धरेल असा हात

लाकडाचा हात चांगला की लोखंडाचा, हे मला आजवर इतक्या जणांनी विचारलंय की आता नुसता प्रश्न ऐकला तरी जांभई येते. कोणाच्या मुलाचा हात कारखान्यात गेलेला असतो, कोणाच्या नवऱ्याचा. पार कुंभवलीहून माणसं येतात, ओट्यावर बसतात, चहा पितात, आणि माझ्या उजव्या बाहीकडे बघतच नाही असं दाखवत हळूच विषय काढतात. मी उलट विचारते, त्या हातानं करायचंय काय?  खरंच, काय करायचंय हे पटकन कोणालाच सांगता येत नाही. मलाही आलं नव्हतं.

माझा हात गेला बोईसरच्या एका भाताच्या गिरणीत. साठ साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. तारापूरकडे वीजघराचं बांधकाम निघालं होतं, दिवसभर मालट्रक धुरळा उडवत जायचे, आणि आमच्या दांडी गावातल्या घरात मी रोज संध्याकाळी कंदिलाची काच पुसायचे. सुकी मासळी घेऊन मी आतल्या गावांत जायचे, मासळीच्या बदल्यात भात घ्यायचे आणि येताना ते गिरणीतून काढून आणायचे. पट्ट्यात पदर गेला. पदर सोडवायला हात गेला. बस्स. यापुढचं मला विचारू नका, ते सांगायचा कंटाळा आलाय, आणि खरं म्हणजे त्यातलं पुष्कळसं आठवतही नाही. धड शुद्धीवर आले तेव्हा मुंबईच्या सरकारी इस्पितळात होते आणि उजव्या कोपराखाली वीतभर हात उरला होता.

सगळ्यांना वाटलं मी हातासाठी रडतेय. मी रडत होते पाटीसाठी. आमच्याकडची रीत सांगितल्याशिवाय हे कळायचं नाही. दर्यातून मासळी आणायची पुरुषानं, पण होडी किनाऱ्याला लागली की त्याचं काम संपलं. मासळी घरच्या बाईच्या पाटीत ओतायची आणि ओतली की ती तिची. निवडायची तिनं, सुकवायची तिनं, विकायची तिनं, आणि घरात तेल किती आणायचं, पोराला नवा सदरा कधी शिवायचा, हेही ठरवायचं तिनंच. माझा नवरा आणि धाकटा दीर एकाच होडीवर होते. म्हणून किनाऱ्यावर आमच्या घरच्या पाट्या दोन, एक माझी, एक धाकट्या जावेची. मी इस्पितळात गेले आणि दोन्ही वाटे जावेच्या पाटीत पडायला लागले. दुसरं करणार काय होते म्हणा! पण मी घरी परत आले तरी तेच चालू राहिलं.

सासूबाई म्हणाल्या, "हात येऊ दे तुजा, मंग बगू."

मला घरात कोणी वाईट वागवलं असं नाही. जेवण वेळेवर, औषध वेळेवर. नवरा तर इतका जपायचा की कधी कधी त्याचाच राग यायचा. पण घरातलं मीठ संपलं आणि ते मला जावेला जाऊन सांगावं लागलं, त्या दिवशी मी न जेवता निजले. आपल्या घरात आपण पाहुणे झालो असं वाटलं. त्या दिवशी ठरवलं, कसला का असेना, हात आणायचा आणि आपली पाटी परत घ्यायची.

इस्पितळात हात-पाय बनवायचा एक विभाग होता. तिथं मला पहिला हात मिळाला तो शोभेचा. आत लाकूड, वरून मोज्यासारखं कातडं, बोटं जरा वाकलेली, नखंसुद्धा काढलेली. अंगठा तेवढा स्प्रिंगचा, तो दुसऱ्या हातानं उघडून त्यात वस्तू अडकवायची. आता दुसरा हात रिकामा असता तर या हाताची गरज काय होती, हे मी तिथं बोलले नाही. रंग मात्र गोरापान. माझी डावी बाजू उन्हात रापलेली काळी-सावळी आणि उजवीकडे ही कोण मडमिणीची बहीण!

दुसरा हात आकडा. चामड्याच्या नळकांड्यात थोटा हात घालायचा, पाठीवरून पट्टे, पट्ट्यांतून एक तार, आणि टोकाला पोलादाची वाकडी दोन बोटं. खांदा पुढे काढला की तार ताणली जाऊन बोटं उघडायची, खांदा सोडला की रबराच्या कड्यांनी मिटायची. रबरं जास्त घातली तर पकड घट्ट, कमी घातली तर सैल. हात शिकवायला एक बाई होत्या. चांगल्या होत्या, त्यांच्यावर माझा काही राग नाही. त्या टेबलावर लाकडाचे ठोकळे मांडायच्या, पेला, कुलूप, किल्ली, गुंड्यांचा सदरा. आधी शोभेच्या हातानं, मग आकड्यानं. उचल, ठेव. उचल, ठेव. आकड्यानं ठोकळे पटापट उचलले जायचे. शोभेच्या हातानं पेला धरून दाखवला की पेल्यासकट हात टेबलावर आपटायचा.

मी म्हटलं, "बाई, एखादी ओली वस्तू नाही का?"

त्यांनी साबणाची वडी भिजवून आणली. मी ती आकड्यानं उचलली. बाई इतक्या खूश झाल्या की शेजारच्या खोलीतून डॉक्टरांना बोलावून आणलं. साबण वेगळा, बोंबील वेगळा, हे मी त्यांना सांगितलं नाही. मला घरी जायचं होतं.

गावात शोभेचा हात सगळ्यांना आवडला. बाया बघायला आल्या, बोटं चाचपली, नखांवर नख मारून बघितलं. सासूबाईंनी कासाराला बोलावून त्यात हिरव्या बांगड्या भरल्या. कासार बिचारा सवयीनं म्हणाला, "सैल सोडा, हात सैल सोडा." हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. मीही हसले. लग्नाकार्यात तो हात मांडीवर ठेवून बसलं की कोणी वळून बघायचं नाही, एवढं त्याचं काम चोख होतं. बाकी कामाच्या नावानं शंख. भाकरी थापायला गेले तर पीठ त्याच्या बोटांत जाऊन बसलं आणि काढता काढता भाकरी करपली. पाण्याचा हंडा धरायला गेले तर हंडा गेला विहिरीत आणि त्याला धरायला हात पण जायच्या बेतात. शेवटी तो खुंटीला टांगला. येणारे-जाणारे दचकायचे.

आकडा कामाचा होता, खोटं कशाला बोलू. हंडा उचलायचा, चुलीतलं जळतं लाकूड सारायचा, दोर ओढायचा. तापलेलं पातेलं तर मी नुसत्या आकड्यानं उतरवायचे, तेव्हा जाऊ तोंडाला पदर लावून बघत राहायची. पण पट्टे! आमच्याकडच्या घामात आणि खाऱ्या हवेत ते पट्टे काखेत असे काचायचे की दुपारपर्यंत कातडं सोललेलं. तार गंजायची. रबरं उन्हानं तडकायची आणि नवी आणायला मुंबई गाठायची. आणि एक हंडा उचलायला खांदा पुढे, ठेवायला खांदा मागे, असं दिवसभर केल्यावर पाठ अशी भरून यायची की डाव्या हातानं सगळं रडतखडत केलं असतं तर बरं, असं वाटायचं. पोरं मला आकडेवाली म्हणायला लागली. म्हणू देत मेली. त्याचं मला काही नव्हतं.

मला होतं ते बोंबलाचं. आमच्या किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना दोर ताणतात, त्याला वलांडी म्हणतात. ताजा बोंबील त्यावर टांगून सुकवायचा. टांगायची रीत अशी की दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची, एक अल्याड, एक पल्याड. दोन हातांच्या बाईला यात बघावंही लागत नाही. गप्पा मारत, एकमेकींची उणीदुणी काढत बाया ओळीच्या ओळी भरतात. पण बोंबील म्हणजे निव्वळ पाणी. जोरात धरलात तर फुटला, सैल धरलात तर सटकला. जिला बोंबील टांगता येत नाही तिच्या पाटीत मासळी ओतून उपयोग काय? सासूबाईंचं म्हणणं तेवढंच होतं आणि ते चुकीचं नव्हतं.

आकड्यानं पहिला बोंबील धरला तो मधोमध तुटला. रबरं काढून टाकली. आता तो धरलाच जाईना, वाळूत पडून घोळला. एक कडं वाढवलं, पुन्हा तुटला. सबंध सकाळ मी एक कडं घाल, एक कडं काढ करत बसले आणि शेजारी जावेची वलांडी भरत गेली. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याचाही मला राग आला.

मग नवरा होडी बांधणाऱ्या सुताराकडे गेला. सुतारानं माझं ते चामड्याचं नळकांडं पाहिलं आणि त्याच्या टोकाला बसेल अशी सागाची एक खुंटी करून दिली, पुढे निमुळती, तिला एक खाच. खाचेत बोंबलाचा जबडा अडकवायचा आणि डाव्या हातानं दुसरा त्यात घालायचा. डोकं चांगलं लढवलं होतं. आणि तिघांत हाच हात सगळ्यात बरा चालला. पट्टे नकोत, तार नको, रबरं नकोत, खाऱ्या पाण्याची भीती नाही. बोंबील अडकायचा. पण अडकला की सुटला हे मला कळायचं नाही. दर वेळी मान वाकडी करून बघावं लागायचं. बघितलं नाही की बोंबील खाली, कुत्रं टपलेलंच. जावेची ओळ संपायची तेव्हा माझ्या वलांडीवर मोजके बोंबील लोंबत असायचे, आणि मान अशी आखडलेली की रात्री कूस बदलता यायची नाही.

या सगळ्याला मी फार थकले. हात नसण्याला नाही, हात वापरून बघण्याला. रोज सकाळी खुंटीवरच्या त्या तिघांकडे बघायचं आणि आज कोणाला घालू म्हणून विचार करायचा. भाकरीला हा, पाण्याला तो, बोंबलाला तिसरा. एक काढा, दुसरा चढवा, मोजा बदला, जखमेला तेल लावा. खऱ्या हाताला कोणी कधी एवढं विचारलं होतं का? आणि उघडा थोटा हात मात्र मी कोणाला दाखवत नव्हते. इस्पितळातून आल्यापासून त्यावर कायम मोजा. नवऱ्यालासुद्धा दिवसाउजेडी कधी बघू दिला नाही. त्यानंही कधी बघायला मागितला नाही.

पाऊस सरला. सासूबाईंनी सांगून टाकलं, "दसऱ्यापासनं वलांड्या लागतील. तवा काय ते बगू. नायतर धाकटीच्याच पाटीत चालू दे. तुला काय कमी हाय?" हे त्या मायेनं म्हणाल्या.  पण एकदा सगळ्यांना त्याची सवय झाली की पाटी परत मिळत नसते, हे मी इतर घरांत बघितलं होतं.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. ज्या वस्तूवर आपलं पोट, तिची त्या दिवशी पूजा. मी सकाळीच मीठ आणायला बोईसरला गेले होते. माझ्यामागं नवऱ्यानं घरातली सगळी हत्यारं काढून घासली. कोयते, मासे कापायची मोरली, जाळं विणायच्या सुया. आणि त्यांच्या ओळीत माझे तिन्ही हात. मी दुपारी आले तर पाटावर हळद-कुंकू लावून, झेंडू वाहून तिघे ओळीनं मांडलेले. गोऱ्या हाताच्या नखांना पण कुंकू. मला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. किती मनापासून केलं होतं माणसानं! तेवढ्यात वास आला.

"हे तेल कसलं?" मी विचारलं.

"मुशीचं," नवरा म्हणाला. "होडीला लावतो तेच. लाकडाला, चामड्याला काय नसतं त्याच्यासारखं. सकाळपासून तीन हात दिले. आता खाऱ्या पाण्याचं भ्या नाय."

होडीच्या लाकडाला आम्ही मुशी माशाचं तेल पाजतो हे खरं आहे. पण हाताच्या चामड्याला? दसऱ्याच्या पहाटेपर्यंत चामड्याचं नळकांडं मऊ पडून असं ढिलं झालं होतं की हात वर केला की खुंटीसकट खाली. आकड्याचे पट्टे लांबले होते, खांदा कितीही पुढे काढा, बोटं उघडायचं नाव घेईनात. रबराची कडी तेलानं फुगून बुळबुळीत. शोभेच्या हाताचं कातडं सुजलं आणि त्याच्या एका बोटातून तेल ठिबकत होतं. आणि वास! अख्ख्या आळीला वास.

मी तोंडाला येईल ते बोलले. "कपाळ माझं! अरे, मी होडी आहे का? विचारायचं तरी होतं! वर्षभर मी मरमर मेले आणि आजच्या दिवशी तू..." तो उभाच्या उभा, हातात तेलाचं भांडं. मग भांडं खाली ठेवून होडीवर गेला. मला वाईट वाटलं, पण रागापुढं ते टिकलं नाही.

होडी परत यायच्या वेळी किनाऱ्यावर सगळ्या बाया आपापल्या वलांडीखाली पाट्या मांडून बसल्या होत्या. मीही माझी पाटी मांडली. का मांडली, माहीत नाही. थोट्यावर मोजा, पदराखाली झाकलेला. होडी लागली. नवरा आणि दीर टोपल्या घेऊन चिखलातून वर आले. नवऱ्यानं माझ्याकडे बघितलं, माझी रिकामी बाही बघितली, आणि त्याची टोपली जावेच्या पाटीत ओतली. मला त्रास नको म्हणून. मला ते कळलं आणि म्हणूनच ते सहन झालं नाही.

मी उठले. जावेच्या पाटीतून डाव्या हातानं चार-सहा बोंबील उचलून माझ्या पाटीत टाकले. मग दातांनी मोज्याची गाठ सोडली आणि मोजा ओढून फेकून दिला.  थोटं उघडं पडलं, पांढरट, टाक्यांच्या वळ्या असलेलं. सासूबाई म्हणाल्या, "अगो, झाक ते!" मी एक बोंबील घेतला, थोट्याच्या आणि बरगडीच्या मधे दाबला, आणि डाव्या हातानं दुसऱ्याचा जबडा त्याच्या जबड्यात सरकवला. पहिला सटकायला लागला. पण सटकतोय हे मला कळलं. बघावं लागलं नाही, मान वाकडी करावी लागली नाही. नुसतं कळलं, आणि मी कोपर जरा आवळलं. जबड्यात जबडा बसला. जोडी दोरावर टाकली. राहिली. दुसरी टाकली. चोळी बोंबलाच्या पाण्यानं भिजून चिंब, घाण वास, पण जोड्या राहत होत्या. जावेइतकं भराभर नाही. पण कुत्र्याला त्या दिवशी काही मिळालं नाही.

नवरा दुसरी टोपली घेऊन आला आणि दोन पाट्यांच्या मधे उभा राहिला. दिवसाउजेडी त्यानं माझं थोटं पहिल्यांदाच बघितलं. मीही झाकलं नाही. 

बोलली ती जाऊ. कंबरेवर हात ठेवून ती कशीबशी सरळ झाली आणि म्हणाली, "भावोजी, बगत काय उबे? बायच्या पाटीत ओता. दोन पाट्या वायता वायता माजी कंबर गेली वरीसभर. आमी काय बोललो नाय, तिला वाईट वाटंल म्हणून."

मी तिच्याकडे बघतच राहिले. वर्षभर मी हिच्यावर जळत होते आणि ही वर्षभर माझं ओझं वाहत होती, आणि माझ्यासारखीच थकली होती.

"ओत ना," मी नवऱ्याला म्हटलं. "किती वेळ धरून उभा राहशील?"

त्यानं टोपली ओतली. बोंबलांचा ढीग सळसळत पाटीत आला, काही बाहेर उडाले, आणि एक येऊन माझ्या उघड्या थोट्यावर पडला. गार. उजव्या हाताला मासळी लागून वर्ष उलटून गेलं होतं. मला हुंदका फुटला. सगळ्या किनाऱ्यादेखत मी रडले, नाकडोळे पुसायला हात मोकळा नव्हता म्हणून तशीच रडत राहिले, आणि रडता रडता पुढची जोडी लावायला घेतली, कारण ऊन वर येत होतं आणि पाटी भरलेली होती.